तिसगावला माती वाफवताना

आमच्या लांज्याकडून नगर जिल्ह्यात जाणारी माणसं देवाला जातात. शिर्डी, शिंगणापूर, जमलं तर मोहट्याची देवी. गेल्या एप्रिलमध्ये मी एकटीच बॅग घेऊन निघाले, तेव्हा स्टँडवरच्या ओळखीच्या कंडक्टरनेही हेच विचारलं, "काय, शिर्डी?"

"नाही हो. माती वाफवतात ती बघायला."

तो हसला. मी चेष्टा करतेय असं त्याला वाटलं.

चेष्टा नव्हती. आमची मिरीची रोपवाटिका आहे. 'आमची' म्हणायची सवय अजून गेलेली नाही. मी आणि माझी वहिनी, दोघींनी ती उभी केली. दादा गेल्यावर वहिनी माहेरी गेली नाही, मी लग्न केलेलं नव्हतं, आणि घरामागे सुपारीच्या सावलीत जागा होती. मिरी, जायफळ, कोकमाची कलमं. वीस-बावीस वर्षं आम्ही एकाच फणसाखाली बसून पिशव्या भरल्या. रोपं द्यायला, प्रदर्शनाला, कुठेही जायचं तर दोघी. खिडकीशी मी आणि शेजारी ती, मांडीवर डबा. मग तिचा मुलगा बंगळूरला स्थिरावला, त्याला मुलगी झाली आणि वहिनी तिकडे गेली. भांडण नाही, तंटा नाही. तिकीट काढून झाल्यावर तिने मला सांगितलं, एवढंच.

त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मिरीची रोपं मरायला लागली. पानं काळी पडायची, देठ गळायचा, उपटून पाहिलं तर मुळांच्या जागी कुजकी दोरी. औषधं झाली, पिशव्या बदलून झाल्या. रोग मातीतच बसला होता. त्याच सुमारास रोपवाटिकावाल्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तिसगावजवळच्या अलका नावाच्या बाईंनी एक व्हिडिओ टाकला. जमिनीवर जाड कापड पसरलेलं, ते पुरीसारखं फुगलेलं, आणि कडांतून वाफ निघतेय. खाली लिहिलं होतं, 'आमी मातीला औषद मारत न्हाई. वाफ देतो.' मी फोन केला.

"या की ताई," ती म्हणाली. "बघाया या. फोनवर काय कळतंय?"

राहुरी

आधी राहुरीला उतरले, कारण कृषी विद्यापीठात माझी रोपं दाखवायची होती. सोबत रोगट मातीची पिशवीही नेली होती, चांगली घट्ट बांधून. तिथल्या तरुण मॅडमनी रोप पाहिलं, मुळं चिरली आणि मग पिशवीकडे बोट केलं.

"हे काय?"

"माती. घरची."

"ही तुम्ही एसटीनं आणलीत? वाटेत कुठं सांडली नाही ना?" त्यांनी पिशवी माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. "मावशी, हा रोग पायाच्या चपलेला लागूनसुद्धा जातो. ही आता इथंच राहील."

एवढी लांबून आणलेली माझी माती एका टेबलाखालच्या बादलीत गेली आणि मी रिकाम्या हाताने बाहेर आले. पण मॅडमनी नीट समजावून सांगितलं. वाफेने मातीतली बुरशी, मुळांत शिरणारे बारीक सूत्रकृमी, तणाचं बी सगळं मरतं. त्याबरोबर चांगलं जे असतं तेही बरंचसं मरतं. म्हणून माती गरजेपेक्षा जास्त तापवायची नाही, आणि थंड झाल्यावर तिला पुन्हा जिवंत करायचं, कुजलेलं खत घालून, चांगली बुरशी मिसळून. "नुसती वाफवून टाकली तर ती मोकळ्या घरासारखी," त्या म्हणाल्या. "जो पहिला येईल तो राहायला लागतो."

दुपारी काही काम नव्हतं. रिक्षा करून मुळा धरणाच्या बाजूला गेले. एप्रिलचं धरण म्हणजे पाण्यापेक्षा काठ जास्त. भेगाळलेल्या गाळावर बगळे उभे होते. आमच्याकडे पाणी दिसलं की त्याच्या आसपास झाडी असणार, आवाज असणार. इथे पाणी आणि आभाळ यांच्यामध्ये काहीच नव्हतं. मी फोटो काढला, आणि कुणाला पाठवावा याचा विचार करत बराच वेळ फोन हातात धरून उभी राहिले. शेवटी कुणालाच पाठवला नाही.

राहुरीत जेवायला बसले तेव्हा पोऱ्याने दोन ताटं मांडली. भाकरी आली, शेवेची लालभडक भाजी आली, कांदा आला. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. समोरचं ताट तसंच रिकामं. जेवण संपत आलं तेव्हा मालकाने गल्ल्यावरून विचारलं, "दुसरं कोन यायचंय का?"

"नाही."

"मग आदीच सांगायचं ना मावशी," तो म्हणाला, रागाने नव्हे, आणि स्वतः येऊन ताट उचलून घेऊन गेला.

नागापूर

अलकाचा नवरा संजय नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये काम करतो. आठवडाभर तिथेच खोली करून राहतो, सुट्टीला घरी. वाफ करायचा बॉयलरही त्याच्याच ताब्यात असतो. काम निघालं की टेम्पोत टाकून तो गावाकडे नेतो. मला त्या टेम्पोतूनच जायचं होतं.

मी मनात मोठा कारखान्याचा बॉयलर धरला होता. निघाला तो आमच्याकडच्या पाणी तापवायच्या बंबाचा थोरला भाऊ. उभा, पोट सुटलेला, बाजूला काचेची नळी, वर वाफेचा काटा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी तापवणार पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या झाडांवर. संजय बोलायला कमी. दोऱ्या आवळताना मात्र त्याने चारचारदा गाठ तपासली.

करंजी घाट चढताना मी विचारलं, "तुमच्याच रोपवाटिकेत वाफ द्यायची ना?"

"आमची झाली मागंच." त्याने गिअर बदलला. "हे चुलत भावाच्या शेडनेटात द्यायचं हाय. अशोकच्या."

"त्यांनी बोलावलं?"

"न्हाई. आमीच देतोय."

मग घाट उतरेपर्यंत त्याने तुकड्या तुकड्यांनी सांगितलं. आदल्या वर्षी नारळाच्या भुशाचं कोकोपीट वेळेवर आलं नाही म्हणून अलकाने ओढ्याकडची माती मिसळून ढोबळी मिरचीची रोपं केली. त्या मातीत सूत्रकृमी होते. रोपं वरून हिरवीगार, मुळांवर बारीक गाठी. ती अशोकच्या शेडनेटात लागली. पीक फुलावर आलं आणि एकेक झाड बसत गेलं. अशोकची सगळी माती बिघडली. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नाही.

"अशोक मला रस्त्यात भेटला तर मान हलवतो तरी," संजय म्हणाला. "बायका न्हाई बोलत. अलका आन् लता. दोगी सख्ख्या बहिनींवानी हुत्या. आता वरीस झालं."

मी बाहेर पाहत राहिले. घाटाखाली सपाट, उघडी, तपकिरी जमीन पसरली होती आणि तिच्यावर ऊन नुसतं उभं होतं. आमच्याकडे घाट उतरला की समुद्राचा वास येतो. इथे धुळीचा आला.

तिसगाव

अलका चाळिशीची, उंच, हातावर मातीचे डाग कायमचे बसलेले. मी टेम्पोतून उतरताच तिने माझी बॅग घेतली, पाय धुवायला पाणी दिलं, आणि लगेच विचारलं, "घरी कोन कोन हाय तुमच्या?"

घर सोडल्यापासून हा प्रश्न मला तिसऱ्यांदा विचारला गेला. आमच्याकडे असं सरळ विचारत नाहीत, आडून आडून काढून घेतात. "मीच," म्हटलं.

"एकट्याच?" तिने तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "आन् मी नवरा असून आठवडाभर एकटीच. चला, च्या घ्या."

संध्याकाळी जेवायला शेंगोळे होते. आमच्या कुळथाला इथे हुलगा म्हणतात. आम्ही त्याची पातळ पिठी करतो, भातावर ओतून खातो. यांनी त्याच पिठाचे बोटाएवढ्या सुरळ्या वळून लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवले होते. चव ओळखीची आणि रूप परकं. मी ते सांगितलं तर अलका म्हणाली, "लताला लई चांगले जमत्यात. माजे जाड हुत्यात." आणि माझ्या ताटात आणखी रस्सा वाढला.

दोन्ही घरं एकाच अंगणात समोरासमोर आहेत. मध्ये कडुनिंब. सकाळी उठून बाहेर आले तर समोरची बाई, लताच असणार, अंगापिंडाने लहान, डोक्यावर घट्ट पदर, अंगण झाडत होती. कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत झाडत आली आणि तिथेच थांबली. झाडूची रेघ जमिनीवर स्पष्ट उमटली. अलीकडची पानं तशीच. थोड्या वेळाने अलका बाहेर आली आणि तिने अलीकडचा भाग झाडला, त्याच रेघेपर्यंत. दोघींपैकी कुणी मान वर केली नाही. मला पाहायला नको असं वाटलं, आणि पाहत राहिले.

बॉयलर अशोकच्या शेडनेटाशी लागला. अशोक स्वतः पाथर्डीला काही काम काढून गेला होता. 'कर म्हनावं काय करायचं ते,' एवढा निरोप त्याने संजयजवळ दिला होता. लता घरातच होती. संजयने मजूर सांगितले होते, तेही आले नाहीत. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच होतं, की आधी रोग दिला आणि आता वाफ देतात. त्यामुळे तिघंच. संजय, अलका आणि पाहुणी म्हणून आलेली मी.

"ताई, तुमी सावलीत बसा," अलका म्हणाली.

"बसायला नाही आले," मी म्हटलं आणि पदर खोचला.

वाफ द्यायची तर माती आधी भुसभुशीत हवी. ढेकळात वाफ शिरत नाही. ओलही बेताची हवी, मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोट लावलं की फुटावा इतकीच. अलकाने आदल्या दिवशीच पाणी शिंपडून वाफा तयार ठेवला होता. वाफ्यावर आम्ही भोकं पाडलेले लोखंडी पाइप मांडले, त्यावर ते जाड कापड ओढलं, आणि कडेने वाळूच्या गोण्या लावल्या. कापडाच्या एका टोकाशी मातीत अलकाने काही बटाटे पुरले.

"हे कशाला?"

"बटाटा शिजला की माती शिजली. थर्मामीटर हाय ह्यांच्याकडं, पन माजा इस्वास बटाट्यावर."

पाणी उकळायला वेळ लागला. पऱ्हाट्या कडकडत पेटत होत्या, संजय काट्यावरची नजर काढत नव्हता. मग त्याने व्हॉल्व्ह फिरवला. रबरी नळी थरथरली, कापडाखाली कुठेतरी घोरल्यासारखा आवाज आला, आणि कापड हळूहळू उठायला लागलं. आधी मधोमध, मग सगळीकडून, आमच्या कमरेएवढं. व्हिडिओत पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. समोर पाहताना हसू आलं नाही. आत काहीतरी श्वास घेत असावं असं ते वरखाली होत होतं. वास आला तो उकडलेल्या ओल्या शेंगांसारखा.

थोडा वेळ सगळं नीट चाललं. मग माझ्या बाजूची एक गोणी फाटली. खताच्या जुन्या गोण्या, उन्हात ठेवून ठेवून कुरकुरीत झालेल्या. वाळू भसकन बाहेर आली, हलकी झालेली गोणी सरकली, आणि कापडाची कड वर उचलली गेली. तिथून वाफेचा झोत सुटला. मी मागे उडी मारली. शेजारची दुसरी गोणीही ओढली गेली.

"धरा! कड धरा!" संजय ओरडला. त्याला बॉयलर सोडून येता येत नव्हतं. अलका पलीकडच्या बाजूने धावत यायला निघाली तर तिच्या बाजूचीही कड हलायला लागली. ती तिथेच अडकली. "वाफ बंद करू का?" संजयने विचारलं.

"नगा करू! आता बंद केली तर अर्धी कच्चीच राहील," अलका म्हणाली. तिच्या आवाजात रडणं होतं. "ताई, तिकडं जाऊ नगा, भाजंल!"

मी खोऱ्याने कड दाबायचा प्रयत्न करत होते. खोरं हलकं, मी हलकी, कापड उसळत होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी पळत आलं. लता होती. पायात नवऱ्याचे मोठे गमबूट, हात पिठाने भरलेले, आणि खांद्यावर गोठ्यातली लांब लाकडी फळी. तिने ती फळी उचललेल्या कडेवर आडवी टाकली आणि स्वतः तिच्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली. कड खाली बसली. झोत थांबला.

ती नुसती उभी राहिली, पाय रोवून, पिठाचे हात अंगापासून दूर धरून. मीही तिच्या शेजारी फळीवर चढले. पलीकडे अलका गोणीवर बसून कड दाबून होती. मध्ये ते फुगलेलं कापड. कापड खाली यायचं तेव्हा दोघी एकमेकींना दिसत, वर जायचं तेव्हा दिसेनाशा होत.

असं किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही. घाम डोळ्यांत जात होता. लताच्या हातावरचं पीठ वाळून त्याला भेगा पडल्या. एकदा अलका म्हणाली, "लते," फक्त एवढंच, आणि लताने मान दुसरीकडे वळवली, पण फळीवरून उतरली नाही.

शेवटी संजयने व्हॉल्व्ह बंद केला. कापड उसासा टाकून खाली बसायला लागलं. ते पुरतं बसलं तशी लता फळीवरून उतरली, फळी खांद्यावर टाकली आणि आली तशी घरी निघून गेली.

बटाटा

कापड काढल्यावर माती काळीभोर, गरम, अगदी मोकळी झाली होती. हात लावून पाहिला तर वरच्या थरात मेलेली गांडुळं होती. अलकाने ती पाहून डोळे मिटले. "ह्याचंच वाईट वाटतं," ती म्हणाली. "वाईट मारायला जावं तर चांगलंबी मरतं. आता खत घालू, महिनाभर जपू. येतील परत."

टोकाशी पुरलेले बटाटे तिने खुरप्याने काढले. सालीला माती चिकटलेली, आतून पिठूळ शिजलेले. तिने एक मला दिला, एक संजयला, आणि दोन केळीच्या पानात गुंडाळून माझ्याकडे सरकवले.

"ताई, तिकडं द्याल?"

"तूच जा ना."

"न्हाई. तुमीच."

मी अंगण ओलांडलं. ती झाडूची रेघ वाऱ्याने पुसट झाली होती. लता उंबऱ्यावर बसून हात धूत होती. तिने मला आत बोलावलं, पाट दिला, तांब्यातून पाणी दिलं. पानातला बटाटा घेऊन सोलला, चिमूटभर मीठ लावून एक तुकडा तोंडात टाकला.

"शिजलाय," ती म्हणाली. उरलेला झाकून ठेवला. "ह्यांना ठेवते."

मी उठायला लागले तेव्हा म्हणाली, "ताई, तुमी पावन्या हाय, म्हनून सांगते. ढोबळी गेली, त्याचं न्हाई काई. पीक जातंच. पन तिला आदी कळलं हुतं. रोपातच हाय म्हनून तिला कळलं हुतं, आन् ती मला सांगायला आली न्हाई. मला लोकांनी सांगितलं. मी रोज तिच्याकडं जात हुते. रोज च्या पीत हुते. आन् ती गप."

मी म्हटलं, "घाबरली असेल."

"मला घाबरायचं?" लता म्हणाली. तिचे डोळे भरले. "मला?"

मी ते अलकाला तसंच्या तसं सांगितलं. सांगावं की नाही याचा विचार केला होता, पण दुसरं कोण सांगणार होतं? ती गोण्यांतली वाळू गोळा करत होती. ऐकून घेतलं. "खरं हाय तिचं," म्हणाली, आणि वाळू गोळा करत राहिली.

आणखी दोन दिवस राहिले. माझ्यासाठी संजयने जुन्या ड्रमचा छोटा सांगाडा करून द्यायचं कबूल केलं. खाली पाणी, मध्ये भोकांची जाळी, वर माती, कोकणातल्या माझ्या पिशव्यांना तेवढं पुरे. अलकाने थंड झालेल्या वाफ्यात खत मिसळायला मला शिकवलं. समोरच्या घरातून कुणी आलं नाही. सकाळी दोघी आपापलं अंगण झाडत होत्या. निघताना अलका तिसगावच्या स्टँडपर्यंत आली, गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली. "ताई, तुमच्याशी बोलून लई दिवसांचं बोलल्यावानी झालं," म्हणाली. मी हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला. गाडी हलली. करंजीपर्यंत माझ्या शेजारची सीट रिकामीच होती, तिच्यावर मी पिशवी ठेवली.

घरी

ड्रम आला, मी माती वाफवली. पहिल्या वेळी जास्त तापवली आणि रोपं पिवळी पडली. दुसऱ्या वेळी जमलं. पावसाळा संपत आला तरी मिरीची रोपं उभी आहेत, नवीन पानं तांबूस कोवळी. ती कुणाला दाखवावीत असं वाटतं. गिऱ्हाईक येतं, रोप घेतं आणि जातं.

गणपतीच्या आधी अलकाचा फोन आला. अशोकच्या वाफ्यात ढोबळी चांगली आली आहे, मुळं पांढरीशुभ्र. मला आनंद झाला. "मग रोपं तुझ्याकडचीच ना?"

"न्हाई ताई. राहुरीकडून आनली त्यांनी." मग तीच म्हणाली, "घेऊ द्या. माती तर सुधरली. आन् एक सांगायचं हुतं. काल मी नळापाशी हुते. लता आली. म्हनली, पानी सुटलंय का? एवढंच. मी म्हनलं, व्हय, सुटलंय. तिनं हंडा लावला. दीड वरसानं ताई, दीड वरसानं तिनं मला काही तरी इचारलं."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पडवीत बसून राहिले. पाऊस नव्हता, पागोळ्या संपल्या होत्या. वहिनीचा फोन रविवारी येतो. 'बऱ्या आहात ना, हो बरी आहे, जेवलात का, हो.' मग ती नातीला फोनवर आणते, नात लाजते, आणि फोन बंद होतो. मी तिला आजवर काही विचारलेलं नव्हतं. विचारायचं होतं ते एकच होतं, आणि ते मला न सांगता काढलेल्या तिकिटाबद्दल होतं, म्हणून बाकीचंही सगळं अडून राहिलं होतं.

त्या दिवशी रविवार नव्हता. मी फोन लावला. तिने घाबरूनच उचलला. "वन्सं? काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. सहज केला." मग म्हटलं, "तिकडे पाणी येतं का गं वेळेवर?"

मग वहिनी बोलायला लागली. टँकर येतो, दोन दिवस आला नाही तर सगळी इमारत हवालदिल होते. सून कामाला जाते, मुलगा कामाला जातो, ही पाचव्या मजल्यावर नातीबरोबर. खिडकीतून समोर दुसरी खिडकी. बोलायला आलेल्या बायकांची भाषा हिला कळत नाही, हिची त्यांना कळत नाही. ती बोलत होती, मी नुसती हं हं करत होते. इतकं ती गेल्यापासून बोलली नव्हती.

"आणि वन्सं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला, "तांदूळ धुतलेलं पाणी मला अजून टाकवत नाही हो. रोज पातेल्यात काढून ठेवते. संध्याकाळपर्यंत तसंच असतं. इथे घालायला एक झाड नाही."